खुर्ची सोडण्याआधीची पंधरा वर्षं : अहमदाबादच्या ‘सेवा’चं प्रकरण

१ मे १९८१ रोजी, म्हणजे नेमक्या कामगार दिनी, मजूर महाजन संघाने, म्हणजे अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या युनियनने, ‘सेवा’ला आपल्यातून काढून टाकलं. ‘सेवा’ ही स्वतःच्या कष्टावर पोट भरणाऱ्या बायकांची संघटना. निमित्त होतं आरक्षणाचं. त्या हिवाळ्यात गुजरातेत वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणातल्या दलितांच्या राखीव जागांविरुद्ध आंदोलन पेटलं होतं आणि त्याची झळ दलित वस्त्यांना बसत होती. महाजनाच्या पुढाऱ्यांनी गप्प बसायचं ठरवलं. ‘सेवा’च्या सरचिटणीस इला भट्ट मात्र दलितांच्या बाजूने उघडपणे बोलल्या, कारण त्यांच्या सभासदांमधल्या कितीतरी बायका त्याच वस्त्यांमध्ये राहत होत्या. हे झालं तात्कालिक कारण. त्याच्या तळाशी जुना ताण होता. बायकांची शाखा म्हणून सुरू झालेलं काम स्वतःची बँक काढून, स्वतःचे निर्णय स्वतः घेऊन चालायला लागलं होतं आणि गिरणी कामगारांच्या पुरुष पुढाऱ्यांना ते जड जात होतं.

इलाबेन तेव्हा ४७ वर्षांच्या होत्या. सभासद काही हजार. विड्या वळणाऱ्या, अगरबत्त्या लाटणाऱ्या, गिरणीतल्या चिंध्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या, माणेक चौकात टोपली घेऊन भाजी विकणाऱ्या, डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, जुन्या कपड्यांचा धंदा करणाऱ्या बोहारणी. महाजनाची पुण्याई पाठीशी होती तोवर व्यापारी, पोलीस, महापालिका जरा दबून असत. ते कवच एका दिवसात गेलं.

अशा वेळी संस्थेत काय होतं, हे आपण महाराष्ट्रात पुष्कळदा पाहिलं आहे. संस्थापक ताई पदर खोचतात, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत राबतात, आजूबाजूच्या चार-पाच जणी त्यांच्या मागे धावतात, आणि संकट टळतं. टळलं की सगळ्यांना वाटतं, चालवायची रीत हीच. पुढच्या दहा वर्षांत त्या चार-पाच जणींपैकी दोघी आजारी पडतात, एक सरकारी नोकरी धरते, एक अबोला धरून निघून जाते, आणि ताई साठीच्या होतात तेव्हा सही करायला दुसरं कुणी नसतं. १९८१ नंतर ‘सेवा’त असं का झालं नाही आणि १९९६ साली इलाबेन सरचिटणीसपद सोडू शकल्या ते कशाच्या जोरावर, हा या प्रकरणाचा विषय. मधल्या पंधरा वर्षांत तिथे जे घडवलं गेलं ते स्त्रीवादी नेतृत्वाचं आपल्याकडचं सर्वांत शिकण्याजोगं उदाहरण आहे, असं माझं ठाम मत आहे. इलाबेनची स्वतःची भाषा गांधींची आणि कामगार चळवळीची होती. पण सत्ता कुणाच्या हातात, पैसा कुणाचा, मूल कोण सांभाळणार, हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकत्र हाताळले, आणि स्त्रीवादाचा आग्रह तरी दुसरा कशाचा असतो?

थोडं बर्नआउटबद्दल, म्हणजे कामाने आतून कोरडं पडण्याबद्दल. हा शब्द आता कंपन्यांच्या एचआर विभागांनी पळवला असला तरी त्याचा जन्म आपल्यासारख्यांच्याच कामात झाला. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ दिवसा आपला व्यवसाय करून रात्री एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथले स्वयंसेवक सुरुवातीला जीव ओतून काम करायचे आणि काही महिन्यांत चिडचिडे, कोरडे, रुग्णांबद्दल बेफिकीर व्हायचे. हे पाहून त्यांनी १९७४ साली यावर लेख लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणात याची नोंद करताना तीन खुणा सांगितल्या: सततचा शक्तिपात, कामाबद्दल येणारा दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. तिथे याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागेशी निगडित घटना म्हटलं आहे. म्हणून कार्यकर्तीला दोन दिवस महाबळेश्वरला नेऊन प्राणायाम शिकवणं मला अपुरं वाटतं. परत आल्यावर तिच्या टेबलावर तोच ढीग असतो आणि तो ढीग तिच्याच टेबलावर का, हे विचारायला जागा नसते.

आता प्रकरण नीट समजण्यासाठी दहा वर्षं मागे जाऊ. इला भट्ट वकील. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात थोडा काळ इंग्रजी शिकवून १९५५ मध्ये त्या मजूर महाजनाच्या कायदा विभागात आल्या. १९६८ मध्ये महिला शाखेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या शाखेचं काम तोवर गिरणी कामगारांच्या बायकांना शिवण-टिपण शिकवण्यापुरतं होतं. १९७१ मध्ये कापड बाजारातल्या डोक्यावर गठ्ठे वाहणाऱ्या बायका त्यांच्याकडे आल्या. खेपेवर मजुरी, खेपेचा हिशेब व्यापाऱ्याकडे, आणि तो हिशेब नेहमी कमीच भरायचा. इलाबेननी वर्तमानपत्रात लेख लिहिला. व्यापारी खवळले आणि त्यांनी छापून उत्तर दिलं, की आम्ही तर रास्त मजुरी देतो, इतकी देतो. महिला शाखेने व्यापाऱ्यांचंच ते म्हणणं कार्डांवर छापून घेतलं आणि बाजारातल्या बायकांच्या हाती वाटलं. मजुरी घेताना कार्ड पुढे करायचं: तुम्हीच म्हणता ना एवढी देता, मग द्या.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक गठ्ठ्यामागे भांडायला इलाबेनना बाजारात जावं लागलं नाही. भांडायचं साधन बाईच्या हातात गेलं. पुढचं सगळं याच रीतीने झालं.

त्या वर्षाच्या डिसेंबरात बायकांची सभा होऊन संघटना उभी राहिली. नोंदणीला अडथळा आला. कामगार खात्याचं म्हणणं, तुमचा मालकच नाही तर युनियन कुणाविरुद्ध? एकत्र येणं हेच आमचं काम, मालक असो-नसो, हे पटवून १२ एप्रिल १९७२ रोजी नोंदणी मिळाली. म्हणजे १९८१ मध्ये महाजनाने दार लावलं तेव्हा संघटना नऊ वर्षांची होती, तिच्याकडे सात वर्षांची बँक होती आणि पुढे काय, हा प्रश्न होता.

रस्ते दोन-तीन होते. दुसऱ्या मोठ्या युनियनच्या आश्रयाला जायचं. किंवा परदेशी निधीवर चालणारी स्वयंसेवी संस्था व्हायचं. तो काळ त्याला अनुकूल होता. किंवा इलाबेनच्या नावाभोवती उभं राहायचं, कारण १९७७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाल्यापासून ते नाव जगभर पोचलं होतं. ‘सेवा’ने निधी घेतला, नावाचा उपयोगही केला, पण वजन या कशावरही टाकलं नाही. ते सभासदांवर टाकलं, आणि त्यासाठी रचना बांधली.

निर्णयांची रचना अशी. प्रत्येक व्यवसायातल्या बायका आपल्या प्रतिनिधी निवडतात, त्या प्रतिनिधींचं मंडळ दर तीन वर्षांनी कार्यकारिणी निवडतं, आणि कार्यकारिणीत कुठल्या धंद्याच्या किती बायका याचा मेळ सभासदसंख्येशी असतो. विडीवाल्या जास्त असतील तर त्यांच्या जागा जास्त. शेतमजूर बायका वाढल्या तशा त्यांच्या जागा वाढल्या. शिकलेल्या, पगारी संघटक कार्यकर्त्याही असतात, पण बहुमत राबणाऱ्या बायकांचं. कागदावर हे कुठल्याही युनियनसारखं दिसेल. फरक पुढच्या फळीत आहे. वस्तीत, गल्लीत, गावात जी बाई चार जणींचा प्रश्न घेऊन उभी राहते तिला ते ‘आगेवान’ म्हणतात. रेशन कार्ड, पोलिसांनी उचललेली टोपली, कंत्राटदाराने नाकारलेल्या विड्या, यांतला बराच भाग आगेवान तिथल्या तिथे निस्तरते. जे तिच्याने होत नाही तेच वर येतं.

बर्नआउटच्या दृष्टीने बघा. आपल्याकडच्या संस्थेत येणारी प्रत्येक केस कार्यालयात येते, आणि कार्यालय म्हणजे तीन कार्यकर्त्या. रात्री अडीचला फोन वाजतो तो त्यांचाच. आगेवानांच्या जाळ्यात तोच भार शेकडो जणींमध्ये, त्यांच्या स्वतःच्या गल्लीत, स्वतःच्या ओळखीच्या माणसांमध्ये वाटला जातो. त्यात एक धोकाही आहे आणि तो झाकायचं कारण नाही: आगेवानही राबणारी बाई असते, घरचं करून, धंदा करून ती हे करते. भार वाटणं आणि भार खाली ढकलणं यांतलं अंतर फार थोडं आहे. ‘सेवा’ने हे अंतर राखायचा प्रयत्न प्रशिक्षणाने, आणि बऱ्याच ठिकाणी सहकारी संस्थांमधून मोबदल्याची कामं उभी करून केला. सगळीकडे तो साधला असं मी म्हणणार नाही.

पैशाची गोष्ट जास्त बोलकी आहे. सरकारी बँका या बायकांना दारात उभं करत नसत आणि सावकाराकडचं व्याज दिवसाच्या हिशेबाने चालायचं. एका सभेत जुन्या कपड्यांचा धंदा करणाऱ्या चंदाबेननी विचारलं, की आपली बँक का काढू नये? पैसा नाही म्हटलं तर आपण गरीब असलो तरी संख्येने किती आहोत, असं त्यांचं म्हणणं. ४,००० बायकांनी प्रत्येकी १० रुपये भागभांडवल दिलं. सहकारी संस्थांच्या निबंधकाची हरकत आली: प्रवर्तक, म्हणजे बँक काढणाऱ्या, बायकांना सही येत नाही. तेव्हा त्या बायका रात्रभर इलाबेनसोबत बसल्या आणि आपापलं नाव काढायला शिकल्या. ज्यांचा हात दिवसभर विडी वळतो किंवा सुईवर चालतो त्यांना पेन्सिल धरून अक्षर वळवायला किती वेळ लागला असेल, याची कल्पना साक्षरतेचे वर्ग घेतलेल्या कुणालाही येईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी सह्या केल्या. मे १९७४ मध्ये बँकेची नोंदणी झाली. पुढे खातेदार ओळखायचा कसा, या प्रश्नावर फोटोचं पासबुक आलं: बाई हातात पाटी धरून बसलेली आणि पाटीवर तिचा खाते क्रमांक.

लोक ही गोष्ट सांगतात ती स्त्रीशक्तीची म्हणून. मला त्यात नेतृत्वाचा धडा दिसतो. त्या रात्री इलाबेन स्वतः प्रवर्तक होऊन, ओळखीच्या वकील-प्राध्यापक मंडळींच्या सह्या घेऊन सकाळी दहाला काम उरकू शकल्या असत्या. ते सोपं होतं, जलद होतं. पण मग बँक कायम त्यांचीच राहिली असती आणि तिचं ओझंही. एक रात्र जास्त लागली आणि सही करणारे हात वाढले. आपल्याकडे ‘मीच करते, पटकन होईल’ या वाक्यावर किती संस्था चालतात आणि त्याच वाक्यावर किती ताया मोडतात, हे सांगायला नको.

१९८१ नंतर या बँकेचं मोल कळलं. महाजन गेलं तरी सभासदांची बचत आणि वर्गणी जाग्यावर होती. बाहेरचा निधी नवीन कामांसाठी यायचा. तो थांबला तर ते काम अडायचं, संघटना अडायची नाही. कार्यकर्तीच्या थकव्याचं मोठं कारण कामाचा डोंगर नसून मार्चअखेरची अनिश्चितता असते, हे माझं कितीतरी संस्थांबरोबर बसून झालेलं मत आहे. पुढच्या वर्षी पगार होणार का हे माहीत नाही, तरी वस्तीतल्या बाईला सांगायचं की आम्ही आहोत. हे दरवर्षी केलं की माणूस आतून कोरडं पडतं.

बँकेने आणखी एक दार उघडलं. कर्जाचे हप्ते का थकतात, याची ‘सेवा’ने सत्तरच्या दशकातच चौकशी केली. शिस्तीचा अभाव हे उत्तर निघालं नाही. आजारपण निघालं, आणि काही खातेदार बाळंतपणात दगावल्याचं निघालं. तिथून प्रसूतीसाठी मदत, आरोग्याचं काम, पुढे १९९२ मध्ये विमा, अशी साखळी तयार झाली. थकबाकीची यादी हातात आली की आपण वसुलीची बैठक लावतो. त्यांनी बाईच्या शरीराकडे पाहिलं. संस्थेतल्या कार्यकर्तीच्या रजांच्या यादीकडेही असं पाहता येईल. कोण वारंवार आजारी पडते आणि तिच्याकडे कुठलं काम आहे, हे शेजारी-शेजारी मांडून पाहावं.

पाळणाघरांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या संस्थांमध्ये हा विषय ‘वैयक्तिक अडचण’ या सदरात टाकला जातो. खेडा जिल्ह्यात तंबाखूच्या शेतांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना सोबत नेत. तंबाखूच्या धुरळ्यात झोळी. किंवा मूल सांभाळायला मोठ्या बहिणीची शाळा कायमची सुटायची. ‘सेवा’ने तिथे आणि अहमदाबादच्या वस्त्यांमध्ये बालकेंद्रं काढली. वेळ आईच्या कामाच्या वेळेला जुळवलेली, म्हणजे दिवसभराची. सरकारी अंगणवाडीसारखी काही तासांत बंद होणारी नाही. मुलं सांभाळणाऱ्या बायका तिथल्याच, संघटनेच्याच सभासद. पुढे त्यांच्या सहकारी संस्था झाल्या, म्हणजे मुलं सांभाळणं हेही मोबदल्याचं, मान असलेलं काम ठरलं.

याचा नेतृत्वाशी संबंध काय? जिचं मूल सुरक्षित आहे तीच बाई दुपारच्या बैठकीला येऊ शकते. प्रतिनिधी मंडळात राबणाऱ्या बायकांचं बहुमत घटनेत लिहिणं सोपं असतं. ते बहुमत सभेला हजर राहण्यासाठी कुणीतरी झोळी हलवावी लागते. संघटनेने आपल्या कामाचं मोजमाप करायला जे अकरा प्रश्न ठरवले त्यांत उत्पन्न वाढलं का, रोजगार वाढला का, मालमत्ता बाईच्या नावावर झाली का, यांच्या बरोबरीने मुलांची देखभाल होते का, हाही प्रश्न आहे. आणि त्याच यादीत नेतृत्व वाढलं का, हाही आहे. किती जणींपर्यंत पोचलो, या आकड्यावर आपले अहवाल संपतात. किती जणी पुढे आल्या, हे कुठला फंडर विचारतो?

आता खुर्ची. १९८६ ते १९८९ इलाबेन राज्यसभेवर होत्या. त्याच काळात असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या त्या अध्यक्ष होत्या. ‘श्रमशक्ती’ हा त्याचा अहवाल १९८८ चा. देशभर फिरणं, दिल्लीच्या फेऱ्या. म्हणजे संघटनेच्या रोजच्या कामात त्या असूच शकत नव्हत्या. माझ्या मते खरी तालीम इथे झाली. रेनाना झाबवाला १९७७ पासून होत्या, मिराई चॅटर्जी आरोग्याचं काम उभं करत होत्या, रीमा नाणावटी भारतीय प्रशासकीय सेवा सोडून आल्या होत्या आणि गावांतलं काम बघत होत्या. प्रत्येकीकडे एक पूर्ण क्षेत्र, त्याचे निर्णय आणि त्यातल्या चुकाही तिच्याच. कुणी इलाबेनची सहायक म्हणून राहिली नाही. बँक, आरोग्य, विमा, सहकारी संस्थांचा महासंघ यांची नोंदणी वेगवेगळी, मंडळं वेगवेगळी. त्यामुळे एका ठिकाणी गडबड झाली तरी सगळं घर हलत नाही.

१९९६ मध्ये इलाबेननी सरचिटणीसपद सोडलं. तेव्हा सभासद दोन लाखांवर गेल्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्या कामगारांचा करार, क्रमांक १७७, मंजूर केला; त्यामागे ‘सेवा’ची अनेक वर्षांची खटपट होती. म्हणजे काम ऐन भरात असताना त्या बाजूला झाल्या. थकून, भांडून किंवा आजारी पडून नाही. त्यांच्यानंतर मिराई चॅटर्जी सरचिटणीस झाल्या, १९९९ मध्ये निवडणुकीने रीमा नाणावटी आल्या, पुढे खेडा भागातून आलेल्या ज्योती मेकवान. इलाबेन २०२२ च्या नोव्हेंबरात गेल्या तोवर सल्ल्याला होत्या, पण सही त्यांची नव्हती.

ही परीक्षा नुसती कागदावर झाली नाही. २००१ चा भूकंप, २००२ च्या दंगली (सभासद हिंदूही, मुसलमानही, आणि दोघींच्याही वस्त्या होरपळलेल्या), आणि २००५ मध्ये भूकंपग्रस्तांच्या ‘जीविका’ प्रकल्पावरून गुजरात सरकारशी झालेला संघर्ष. सरकारने हिशेबाचे आरोप केले, ‘सेवा’ने ते फेटाळले आणि शेवटी प्रकल्पातून बाहेर पडली. संस्थापक पदावर नसताना एवढी तीन वादळं पाच वर्षांत आली आणि संघटना टिकली, वाढली. आज सभासद वीस लाखांच्या कितीतरी पुढे आहेत.

काय जमलं नाही, तेही लिहायला हवं. सरचिटणीसपदावर पहिली काही दशकं शिकलेल्या, मध्यमवर्गातून आलेल्या बायकाच होत्या. राबणाऱ्या बाईने सगळ्यांत वरच्या कामकाजाच्या पदावर यायला फार वेळ लागला. साधेपणाचा आणि त्यागाचा आदर्श गांधीवादी संस्थेत खोल असतो. त्यातून उधळपट्टी थांबते, पण तरुण संघटक मुलीला ‘मला रविवार हवा’ म्हणायला संकोच होतो. आपल्याकडच्या राष्ट्र सेवा दलापासून ते ग्रामीण विकासाच्या संस्थांपर्यंत सगळीकडे हा संकोच आहे. दुसऱ्यांच्या किमान वेतनासाठी मोर्चा काढायचा आणि स्वतः ‘मानधना’वर राबायचं. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते त्यागाच्या नावाखाली झाकू नये असं वाटतं. मूल्यांवर चालणाऱ्या संस्थेत पिळवणूक दिसायला जास्त वेळ लागतो, कारण ज्याची पिळवणूक होते तोच तिचं समर्थन करत असतो.

आता आपल्याकडे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिची मुळं एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षणाच्या कामात, आणि पाठीशी हमाल पंचायतीचे बाबा आढाव. कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये बहुसंख्य दलित. तिथेही वस्त्यांमधून आलेल्या प्रतिनिधींच्या नियमित बैठकीत निर्णय होतात, पतसंस्था आहे, आणि २००७ मध्ये नोंदलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात कचरावेचकांचं बहुमत आहे. २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा गोळा करतात. अहमदाबादची रीत दुसऱ्या मातीत रुजू शकते, याचा हा पुरावा. करार नव्याने करायची वेळ आली की अनिश्चितता किती छळते, याचाही.

पण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकींची संस्था बारा-पंधरा माणसांची असेल. युनियन नसेल, बँक काढण्याइतके सभासद नसतील. शिवाय काळ अवघड आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणं बंद झालं. कार्यालय चालवणारी, हिशेब ठेवणारी माणसं आधी कमी झाली आणि त्यांचं काम फिल्डवरच्या मुलींच्या अंगावर आलं. प्रसूती लाभाची कायदेशीर तरतूद दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा देते. पण पाळणाघराची सक्ती ५० किंवा जास्त जण असतील तरच आहे. म्हणजे छोट्या संस्थेत मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न कायद्याने संस्थेवर टाकलेला नाही, तो तिने आपणहून घ्यावा लागतो.

तरी काही गोष्टी उद्यापासून होऊ शकतात, आणि त्यांना फार पैसा लागत नाही. बैठकीची वेळ घरी मूल असलेल्या सहकारीला विचारून ठरवणं, आणि ते मूल तिथे आलं तर त्याला बघणाऱ्या बाईला त्या तासांचे पैसे देणं, बजेटात त्याची वेगळी ओळ ठेवून. रात्रीचा फोन पाळीपाळीने वेगवेगळ्या हातात, आणि ज्या रात्री फोन वाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची सुट्टी, अर्ज न करता. बँकेच्या व्यवहाराला तीन अधिकृत सह्या, त्यांतली एक वस्तीतल्या बाईची. फंडरच्या भेटीला दरवेळी वेगळी कार्यकर्ती; ती अडखळली तरी ताईंनी मध्ये बोलायचं नाही. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पगार यांतलं अंतर किती, हे सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिणं. शेवटचं बऱ्याच ठिकाणी अवघड जाईल, आणि जिथे अवघड जाईल तिथे ते आधी करावं.

संस्थापकाने पद सोडण्याची तारीख ठरवणं याला मात्र कागद लागतात. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, नियमावलीत पदाची मुदत घालायची तर ठराव, दुरुस्ती, मंजुरी, आणि या सगळ्याला आपल्याकडे महिने नाही, कधी वर्षं लागतात. ताई पन्नाशीच्या असतील तर अर्ज याच वर्षी टाकावा, आणि तो मंजूर होईपर्यंत पुढच्या तिघींना एकेक क्षेत्र सह्यांसकट देऊन टाकावं.